गरम झाला की बंद पडणारा ट्रॅक्टर

माझ्याकडचा ट्रॅक्टर फोर्ड ८एन आहे, १९४९ सालचा. मिशिगनमध्ये लॅन्सिंगपासून तासाभरावर आमची थोडी जमीन आहे. बरीचशी गवताची, कडेला सफरचंदाची जुनी झाडं. उन्हाळ्यात मागे रोटरी कटर जोडून गवत कापायचं आणि हिवाळ्यात फाळ लावून वाटेवरचा बर्फ ढकलायचा, ही दोन कामं या ट्रॅक्टरची. दोन्ही तो चोख करतो. मध्यंतरी मात्र त्याला एक दुखणं जडलं होतं. थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू व्हायचा, अर्धा-पाऊण तास झकास चालायचा आणि मग कुणीतरी चावी फिरवून बंद करावा तसा एकदम गप्प. तासभर सावलीत उभा राहिला की पुन्हा पहिल्या सेल्फला सुरू.

जुनं पेट्रोल इंजिन सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे दुखणं कधी ना कधी येतं, आणि त्यावर सगळीकडे एकच उपाय चालतो: प्लग बदला, पॉइंट बदला, कंडेन्सर बदला, कॉईल बदला, कार्बोरेटर उघडा. या सगळ्यात एखादा नवा भाग लागू पडतोही. पण बिघाड कशामुळे झाला होता ते कळत नाही, आणि मूळ कारण तसंच राहिलं तर तो नवा भागही काही दिवसांत जातो. म्हणून मी काय तपासलं, कोणत्या क्रमानं तपासलं आणि का, ते इथं सविस्तर लिहितोय. परदेशात थोडी जमीन घेऊन असा जुना ट्रॅक्टर बाळगणारे मराठी लोक माझ्या ओळखीत आता बरेच आहेत. शिवाय गावाकडे कुणाकडे जुनी पेट्रोल जीप किंवा पद्मिनी असेल, तर पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कॉईल (ठिणगीचे व्होल्ट तयार करणारी) यांचं शास्त्र तिथंही हेच.

वाळवा तालुक्यात ज्या घरात मी वाढलो तिथं ट्रॅक्टर म्हणजे डिझेल. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. त्यामुळे आमच्याकडच्या ट्रॅक्टर मेकॅनिकची भाषा वेगळी: एअर धरलीय, नोझल गेलंय, पंप कॅलिब्रेशनला पाठवा. ‘करंट बघ’ हे वाक्य स्कूटरच्या गॅरेजातलं. ८एन हा पेट्रोलवर चालणारा ट्रॅक्टर असल्यामुळे मला वडिलांपेक्षा धाकट्या मामांची जास्त मदत झाली. मामांची उभी हयात इस्लामपुरात चेतक आणि लॅम्ब्रेटा उघडण्यात गेली.

व्हिडिओ कॉलवर त्यांना सगळं सांगितलं. ट्रॅक्टर तेव्हा थंड होता. प्लगची वायर काढून, सेल्फ मारून त्यांना ठिणगी दाखवली. छान निळी, कडाडणारी.

“मामा, करंट तर चांगला येतोय.”

“गार असताना कुणाचा बी येतोय, लेका. बंद पडल तवा बघायचा. त्याच मिनिटाला. निवल्यावर बघून काय कळणार?”

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. गरम झाल्यावर होणारा बिघाड गरम असतानाच सापडतो. तास उलटला की पुरावा गेला.

पुढचं कळायला ८एनची रचना थोडी माहीत हवी. हा ट्रॅक्टर १९४७ ते १९५२ या काळात बनला, पाच लाखांहून जास्त. आधीच्या ९एनमध्ये हॅरी फर्ग्युसनची थ्री-पॉइंट हायड्रॉलिक लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तीन जागी धरून तेलाच्या दाबानं उचलणारी रचना होती. हेन्री फोर्ड आणि फर्ग्युसन यांच्यातला तो करार नुसत्या हस्तांदोलनावर झालेला. पुढे फोर्ड कंपनीनं फर्ग्युसनला वगळून ८एन काढला, फर्ग्युसन कोर्टात गेला, आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. आज आपल्याकडच्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे दोन खालचे हात आणि वर एक टॉप लिंक दिसते, ती याच घराण्यातली. मला या राखाडी पत्र्याच्या, लाल पोटाच्या यंत्राबद्दल जी माया वाटते, त्यात या ओळखीचा वाटा मोठा आहे.

इंजिन चार सिलिंडरचं, जवळजवळ दोन लिटरचं, साइड व्हॉल्व्ह. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी एकेका प्लगला वाटून देणारा भाग, पॉइंटही त्यातच) मात्र विचित्र जागी: इंजिनाच्या अगदी पुढे, पंख्याच्या मागे, कॅमशाफ्टच्या टोकाला थेट जोडलेला. त्याच्या डोक्यावर चौकोनी डब्यासारखी कॉईल बसते आणि तारेच्या कडीनं दाबून धरली जाते. १९५० मध्ये, सिरियल नंबर २६३८४४ पासून, फोर्डनं डिस्ट्रिब्युटर बाजूला आणला आणि नेहमीची गोल कॉईल दिली. या दोन प्रकारांत पॉइंटचा गॅपसुद्धा वेगळा आहे: पुढच्याला १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), बाजूच्याला २५ थाऊ. नवे पॉइंट घेताना आणि गॅप बसवताना आपला डिस्ट्रिब्युटर कोणता ते आधी बघावं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-२-४-३. आपल्याकडच्या मेकॅनिकच्या हाताला १-३-४-२ ची सवय असते, तेव्हा वायरी काढण्याआधी त्यांवर खुणा करून ठेवाव्यात.

ठिणगी तयार कशी होते? पॉइंट बंद असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉईलच्या जाड तारेतून वाहतो आणि लोखंडी गाभ्याभोवती चुंबकक्षेत्र उभं राहतं. कॅमनं (डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या उंचवट्यांनी) पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उसळतात. शेतात भरधाव वाहणाऱ्या पाइपाचा कॉक झटकन बंद केला की पाइपाला जसा दणका बसतो, तसंच. कंडेन्सर हा करंट स्वच्छ तोडायला मदत करतो. तो नसेल तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते आणि पॉइंट जळतात. इंजिन २००० फेऱ्यांवर असताना हे मिनिटाला चार हजार वेळा घडतं. त्यातल्या प्रत्येक वेळी कॉईल थोडी गरम होते. कॉईल गरम होणं हा दोष नाही, पण ती किती गरम होते हे महत्त्वाचं.

आता शेतातला तपास. पहिला प्रश्न असा की ट्रॅक्टर बंद पडतो कसा. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आचके देतं, फुरफुरतं, जोर जातो, आणि त्या क्षणी चोक ओढला तर चार श्वास जास्त घेतं. ठिणगी गेली तर असलं काही होत नाही. चारही सिलिंडर एकदम गप्प, चोकचा उपयोग शून्य. माझा ट्रॅक्टर दुसऱ्या प्रकारानं बंद पडत होता. तरी पेट्रोल तपासून बाजूला केलंच. ८एनला पेट्रोलचा पंप नाही, टाकीतून वजनानं खाली येतं. कार्बोरेटरच्या तळाचा बोल्ट काढून खाली डबा धरला तर धार सलग पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग थेंब थेंब आली तर कुठली तरी जाळी तुंबली आहे. जाळ्या तीन: टाकीत, काचेच्या वाटीच्या वर आणि कार्बोरेटरला जोडणाऱ्या पितळी कोपऱ्यात. ही तिसरी पुष्कळांना माहीत नसते. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं तरी टाकीत पोकळी धरून अर्ध्या तासानं धार थांबते आणि लक्षणं हुबेहूब कॉईलसारखी दिसतात. झाकण सैल करून चालवून बघणं हा फुकटचा तपास आहे. माझ्याकडे धार सलग होती आणि झाकण सैल करूनही फरक पडला नाही. अर्थात पेट्रोल उघडं करायचं तर इंजिन थंड असतानाच, आणि आसपास ठिणगीचं कुठलंही काम न काढता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या पेटीत मल्टिमीटर, दोन पाने आणि ठिणगी तपासायचं साधं टेस्टर ठेवून गवत कापायला गेलो. टेस्टर म्हणजे फट कमी-जास्त करता येणारा खोटा प्लग. फट दोन सूत, म्हणजे पाव इंच ठेवायची. ठिणगी नुसत्या प्लगवर बघून समाधान मानू नये. प्लगची फट २५ थाऊ असते आणि उघड्या हवेत तेवढी फट अशक्त कॉईलही पार करते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत तीच ठिणगी मरते. दोन सूत उडी मारणारी, निळसर पांढरी, कड् आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, बिनआवाजाची असेल तर ती नसल्यात जमा.

अपेक्षेप्रमाणे तिसऱ्या पट्ट्याच्या मध्यावर तो बंद पडला. इथं एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. ८एनचा पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट, गिअरबॉक्सला बांधलेला आहे. कटरची जड पाती फिरत असतात तेव्हा क्लच दाबला तरी त्यांचा जोर उलटा चाकांकडे येतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. पीटीओवर ओव्हररनिंग कपलर (जोर एकाच दिशेनं जाऊ देणारा जोड) बसवला तरच हे थांबतं. तो बसवावाच. इंजिन बंद पडलं तरी पाती पूर्ण थांबल्याशिवाय आणि पीटीओ, गिअर न्यूट्रल केल्याशिवाय खाली उतरू नये.

उतरलो आणि लगेच टेस्टर लावला. सेल्फ मारला. काही नाही. दोन सूत सोडा, अर्ध्या सुतावरही नाही.

मग अँमीटर. डॅशवरचा हा जुना गोल मीटर मला अतिशय आवडतो, कारण कुठलाही भाग न उघडता तो इग्निशनचा अर्धा हिशेब सांगतो. चावी चालू केली आणि पॉइंट बंद स्थितीत असतील तर काटा डिस्चार्जच्या बाजूला तीन-चार अँपिअरवर जातो. पॉइंट उघडे असतील तर शून्यावर राहतो. सेल्फ मारताना पॉइंट उघडमीट करतात म्हणून काटा थरथरतो. काटा थरथरला तर बॅटरी, चावी, वायर, कॉईलची जाड तार आणि पॉइंट ही साखळी जिवंत आहे. काटा कायम शून्यावर असेल तर कुठंतरी तुटलंय किंवा पॉइंट बंदच होत नाहीत. काटा न थरथरता एका जागी राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत, किंवा डिस्ट्रिब्युटरमधली तांब्याची पट्टी बॉडीला टेकून अर्थ झाली आहे.

माझा काटा थरथरत होता. म्हणजे करंट जात होता, तुटत होता, आणि तरी ठिणगी नव्हती. डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि तिच्याखालचा फिरता रोटर कोरडे, तडा नाही. उरलं काय, तर कॉईलची बारीक तार आणि कंडेन्सर. कॉईलवर हात टेकवत नव्हता.

शेजारचे आजोबा हे लांबून बघत होते. त्यांच्या वडिलांनी नवा ८एन घेतला होता, त्यावरच ते ट्रॅक्टर शिकले. ते बादली आणि फडका घेऊन आले, ओला फडका फक्त कॉईलवर गुंडाळला आणि म्हणाले, थोडं थांब. मला एकदम खंबाटकी घाट आठवला. माझ्या लहानपणी घाटात अँबॅसिडर आणि पद्मिनी बॉनेट उघडून उभ्या असायच्या आणि ड्रायव्हर पेट्रोलच्या पंपावर ओला फडका घालत असायचे. तिथं पंपात पेट्रोलची वाफ होऊन लॉक व्हायचं. इथं पंपच नाही आणि फडका कॉईलवर. दहा मिनिटांत फडक्यातून वाफ येऊन तो कोमट झाला. टेस्टर लावला, सेल्फ मारला, आणि निळी ठिणगी कडाडली. कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या आत असतो, तो एवढ्यात निवला नसता. म्हणजे कॉईल.

मल्टिमीटरनं कॉईल गरम आणि थंड, दोन्ही वेळा मोजली होती. दोष दाखवणारा फरक नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मल्टिमीटरची बॅटरी असते काही व्होल्टची. बारीक तारेचं इनॅमल (तारेवरचा इन्शुलेशनचा लेप) गरम झाल्यावर कमकुवत होऊन आतल्या आत ठिणगी गळते ती हजारो व्होल्टला. मीटरला ती दिसणारच नाही. म्हणून ओहममध्ये चांगली दिसणारी कॉईल चांगलीच असेल असं नाही. गरम कॉईलच्या जागी थंड, चालू कॉईल बसवून बघणं किंवा आजोबांचा फडका, हेच खरे तपास.

इथं पुष्कळजण थांबतात. नवी कॉईल आणतात, बसवतात आणि खूश होतात. मामा मात्र दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, “कॉईल जळली ती कशानं जळली? तिला जास्त कोण पाजतंय ते बघ.”

८एन कारखान्यातून निघाला तो ६ व्होल्टचा, आणि त्यात बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोबर उलट. माझ्याआधीच्या मालकानं तो १२ व्होल्टवर नेला होता: १२ व्होल्टची बॅटरी, डायनामोच्या जागी अल्टरनेटर, मायनस टोक बॉडीला. कामाच्या दृष्टीनं हा बदल ठीक आहे, थंडीत सेल्फ जोरात फिरतो. पण पुढे बसणाऱ्या चौकोनी कॉईलच्या वाटेत, डॅशच्या मागे, मूळचा एक रेझिस्टर असतो आणि त्याच्यामुळे कॉईलला बेतानंच करंट मिळतो. डॅश सोडवून मागे बघितलं तर रेझिस्टरच्या दोन टोकांना एक आखूड तांबडी वायर थेट जोडलेली. करंट रेझिस्टरमधून जायचाच नाही. आणि कॉईल होती जुनी, ६ व्होल्टची.

हिशेब करून बघू. कॉईलच्या जाड तारेचा रोध मी मोजला तो ०.९ ओहम, मीटरच्या वायरींचा रोध वजा करून. १२.५ व्होल्टला ०.९ नं भागलं तर तेरा-चौदा अँपिअर. चावी आणि सांध्यांमध्ये थोडं जातं, म्हणून बारा धरू. डॅशवरचा काटाही चावी चालू, पॉइंट बंद असताना दहाच्या पलीकडे जात होता. चार अँपिअरला त्या तारेत होणारी उष्णता १४-१५ वॉट, बारा अँपिअरला १३० वॉट. करंट तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते. चालत्या इंजिनात पॉइंट सारखे उघडत असल्यामुळे आकडे यापेक्षा कमी भरतात, पण कॉईलला हा भार झेपणारा नव्हता हे उघड आहे. पॉइंटचीही तीच गत होती. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा, कडा निळ्या-काळ्या.

आधीच्या मालकाबद्दल माझ्या मनात राग नाही. सुरू करताना ठिणगी जोरदार मिळावी म्हणून पुष्कळजण ती वायर टाकतात, आणि ट्रॅक्टर त्या दिवशी खरोखर छान सुरू होतो. बिघाड यायला कितीतरी महिने लागतात, आणि तोवर त्या वायरची आठवण कुणालाच राहत नाही.

उपाय सोपा होता. ती तांबडी वायर काढली, मूळ रेझिस्टर पुन्हा वाटेत आणला आणि १२ व्होल्टची, पुढे बसणारी कॉईल घेतली. तिच्या जाड तारेचा रोध अडीच ओहमच्या आसपास आहे. रेझिस्टर धरून तीन. साडेबाराला तीननं भागा: चारच्या थोडं वर. चावी फिरवली तर काटा चारवर येऊन थांबला. ६ व्होल्टचीच कॉईल ठेवायची असेल तर मूळ रेझिस्टरच्या जोडीला, त्याच वाटेत एकामागे एक, आणखी एक जाड रेझिस्टर घालतात. कुठलीही वाट धरा, काटा चारच्या आसपास आला पाहिजे.

त्यानंतर डिस्ट्रिब्युटर टेबलावर घेतला. पुढच्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जागेवर वाकून बसवण्यात अर्थ नाही. दोन बोल्ट काढले की अख्खा हातात येतो, आणि परत बसवताना टायमिंग चुकण्याची भीती नाही, कारण शाफ्टच्या टोकाची जीभ मध्यापासून किंचित सरकवलेली असते आणि कॅमशाफ्टच्या खाचेत ती एकाच बाजूनं बसते. जीभ खाचेत आपसूक बसेपर्यंत रोटर हळू फिरवायचा. बोल्ट पिळून डिस्ट्रिब्युटर आत ओढायचा नाही. तसं केलं तर बॉडीचा कान तुटतो, आणि जुन्या बाजारात तुटक्या कानाचे डिस्ट्रिब्युटर ढिगानं दिसतात.

टेबलावर नवे पॉइंट लावले. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो गेला नाही तर ६ किंवा १२ व्होल्ट त्यातून पार होत नाहीत. कोरा, कडक तपकिरी कागद पॉइंटमध्ये धरून दोनदा ओढला. मामांच्या गॅरेजात त्यासाठी पोस्टकार्ड असायचं. मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन कॅमच्या एका शिखरावर १५ थाऊ बसवला आणि सवयीनं उरलेली तीन शिखरं तपासली. इथं दुसरा रोगी सापडला. एका शिखरावर १५, समोरच्यावर १९, तिसऱ्यावर १२.

कॅम इतका असमान झिजत नाही. रोटर बोटात धरून आडवा हलवला तर शाफ्ट चक्क डोलत होता. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या, घासले होते. या ट्रॅक्टरच्या वयात हे फार आढळतं आणि फार थोडेजण तपासतात. शाफ्ट डोलला की प्रत्येक सिलिंडरला पॉइंट वेगळ्या वेळी उघडतात, वेगळा वेळ बंद राहतात. स्लोला कळत नाही, पण पूर्ण रेसवर इंजिन मिस मारतं, आणि आपण प्लग साफ करत बसतो. माझा ट्रॅक्टर दाट गवतात शिरला की अशीच मिस मारायचा. मी ते गरम होण्याच्या दुखण्याचाच भाग धरून चाललो होतो, पण ते दुखणं स्वतंत्र निघालं.

गावातल्या मशीन शॉपवाल्यानं जुने बुश दाबून काढले, नवे बसवले आणि रीमर मारून शाफ्टला नेमके केले. काम बारीक आहे, घरी हातोडीनं करण्यासारखं नाही. बुश बसल्यावर चारही शिखरांवर गॅप १५ आणि १६ च्या मध्ये आला. कॅमवर ग्रीसचं बोट लावलं, पॉइंटचा फायबर झिजू नये म्हणून. पॉइंटमध्ये जाड कागद ठेवून मल्टिमीटरनं तांब्याची पट्टी आणि बॉडी यांच्यात रोध बघितला: उघडं, म्हणजे पट्टी कुठं टेकत नाही. ती पट्टी बॉडीतून जाते तिथलं इन्शुलेशन जुनं होऊन चुरतं, म्हणून हा तपास डिस्ट्रिब्युटर हातात असतानाच करावा. शेवटी कॉईलच्या तळाची स्प्रिंग जरा ताणून पट्टीवर नीट टेकतेय ना ते बघून तारेची कडी लावली. ही स्प्रिंग आखडली किंवा तिरकी बसली तर ठिणगी मुळीच येत नाही, आणि नवी कॉईल घातल्यावर ट्रॅक्टर सुरूच होत नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुतेक वेळा ही स्प्रिंगच असते.

आणखी दोन गोष्टी, कारण त्या जिवाशी आणि खिशाशी आहेत. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये. पॉइंट बंद स्थितीत थांबले असतील तर कॉईलमधून करंट अखंड वाहतो आणि ती आतलं डांबर वितळवून बाहेर टाकते. माझ्या जुन्या कॉईलच्या कोपऱ्याला असा काळा ओघळ होताच. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. ८एनला सेल्फचं बटण गिअरच्या दांड्याजवळ आहे आणि गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय ते चालत नाही. बटण खराब झालं की काहीजण खाली उभे राहून सेल्फच्या टोकांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवतात. त्यानं ते संरक्षण जातं. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर त्याच क्षणी चालू होतो आणि उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरून मागचं चाक जातं. अशी माणसं गेली आहेत. बटण दुरुस्त करा, पण स्क्रू ड्रायव्हर लावू नका.

ज्यांचा ट्रॅक्टर अजून ६ व्होल्टवर आहे त्यांनी बॅटरीच्या केबल बघाव्यात. कारच्या दुकानातल्या १२ व्होल्टच्या बारीक केबल इथं पुरत नाहीत. व्होल्ट निम्मे म्हणजे त्याच कामाला करंट दुप्पट. बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, सेल्फ रेंगाळतो आणि नेमकं त्याच वेळी कॉईललाही कमी मिळतं. बोटाएवढ्या जाड केबल घालाव्या आणि बॉडीचा सांधा रंग खरवडून चकचकीत धातूवर बसवावा. माझ्या ओळखीतल्या एकाचा ‘इग्निशनचा प्रॉब्लेम’ एवढ्यानंच गेला.

सध्या ट्रॅक्टर सकाळी सुरू केला की सगळं गवत कापून होईपर्यंत चालतो. पूर्ण रेसवर आवाज एकसारखा येतो. काम झाल्यावर कॉईलवर हात ठेवतो. गरम लागते, पण हात ठेवता येतो. मामांना त्याचा व्हिडिओ पाठवला तेव्हा त्यांनी आवाज दोनदा ऐकला आणि विचारलं, “प्लगचा रंग कसा हाय?” काढून दाखवले: तीन तपकिरी, पुढून चौथा काळा आणि जरा ओलसर. तेल येतंय. व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंग. बर्फ पडायच्या आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं ठरलं आहे, आधी कोरडं आणि मग चमचाभर तेल घालून.